‘घरी जा’: अटलांटाच्या महापौरांचा २०२० चा उन्हाळा

एप्रिल २०२० मधल्या एका रात्री अटलांटाच्या महापौर किशा लान्स बॉटम्स यांच्या फोनवर एक निरोप आला. सुरुवातीला गुलामगिरीच्या काळापासून कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवी, आणि पुढे एवढंच, की गप्प बस आणि जॉर्जिया पुन्हा सुरू कर. पाठवणाऱ्याला वाद घालायचा होता टाळेबंदीवर, पण समोरच्या बाईच्या कातडीच्या रंगापासून सुरुवात केल्याशिवाय त्याला तो घालता आला नाही. बॉटम्स यांनी निरोप दडवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो ट्विटरवर सगळ्यांपुढे ठेवला आणि सोबत रॉबर्ट केनेडींचं हिंसेवरचं १९६८ सालचं भाषण वाचायला सुचवलं.

जॉर्ज फ्लॉइड तेव्हा जिवंत होता. मिनिआपोलिसच्या रस्त्यावर पोलिसाच्या गुडघ्याखाली त्याचा जीव जायला अजून महिनाभर अवकाश होता. त्या वर्षी अमेरिकेवर साथ आणि वंशद्वेष अशी दोन संकटं एकदम कोसळली, असं पुढे सगळीकडे लिहिलं गेलं. अटलांटाच्या महापौरांच्या फोनवर मात्र ती दोन्ही एप्रिलमध्येच एका ओळीत येऊन बसली होती.

महापौर म्हटलं की आपल्याला मानाची खुर्ची आठवते. खरा कारभार आयुक्तांच्या हातात, आणि आयुक्त राज्य सरकारने पाठवलेले. अटलांटात तसं नाही. तिथे महापौराला लोक थेट निवडून देतात, शहराचा कारभार तोच हाकतो, पोलीसप्रमुख तोच नेमतो. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक, हार्ट्सफील्ड-जॅक्सन, शहराच्याच मालकीचा आहे. पण या सत्तेला चहूबाजूंनी कुंपण आहे. सार्वजनिक आरोग्य खातं काउंटीकडे, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाकडे. मतदान घेणारी यंत्रणाही काउंटीची. आणि साथीत कोणतं दुकान कधी उघडायचं, यावर शेवटचा शब्द राज्याच्या गव्हर्नरांचा. बॉटम्स डेमोक्रॅट, गव्हर्नर ब्रायन केम्प रिपब्लिकन. शहर सुमारे पाच लाख वस्तीचं, त्यातली जवळपास निम्मी कृष्णवर्णीय. या शहराच्या महापौरांना त्या उन्हाळ्यात लोकांना खूप काही सांगावं लागलं, आणि सांगितलेलं पार पाडण्याची साधनं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या हातात होती. त्या चार महिन्यांची गोष्ट मुळात ही आहे.

बॉटम्स यांचा जन्म १९७० चा. वडील मेजर लान्स हे साठच्या दशकातले नावाजलेले सोल गायक. लोकप्रियता ओसरली, पैसा आटला, आणि १९७८ मध्ये कोकेन विकल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. आठ वर्षांची किशा शाळेतून घरी आली तेव्हा घरात पोलीस होते आणि वडिलांच्या हातात बेड्या. हा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. पुढे कायद्याचं शिक्षण, न्यायदंडाधिकाऱ्याचं काम, नगर परिषद, आणि डिसेंबर २०१७ च्या फेरनिवडणुकीत हजाराहूनही कमी मतांनी महापौरपद. पदावर आल्यावर महिना-दीड महिन्यातच त्यांनी शहराच्या तुरुंगातली रोख जामिनाची अट काढून टाकली. किरकोळ गुन्ह्यात पकडलेला गरीब माणूस केवळ शे-दोनशे डॉलर नाहीत म्हणून आत सडायचा, ते थांबलं. ज्या मुलीने आठव्या वर्षी वडिलांच्या हातातल्या बेड्या पाहिल्या, तिच्या कारकिर्दीची सुरुवात या सहीने व्हावी याचं नवल वाटत नाही.

साथ आली तेव्हा बॉटम्स यांनी २३ मार्चला शहरापुरता घरी थांबण्याचा आदेश काढला. राज्याचा आदेश ३ एप्रिलपासून लागू झाला. आणि २० एप्रिलला गव्हर्नर केम्प यांनी जाहीर केलं की येत्या शुक्रवारपासून, म्हणजे २४ तारखेपासून, जिम, सलून, नखं रंगवण्याची दुकानं, गोंदण्याची दुकानं, मालिश केंद्रं आणि बोलिंगचे अड्डे उघडतील. सोमवारपासून उपाहारगृहांत बसून जेवता येईल, चित्रपटगृहंही सुरू होतील. राज्यातल्या कुठल्याही शहराला याहून कडक किंवा सैल नियम करता येणार नाही. टाळेबंदी उठवा म्हणून रोज घोषा लावणारे राष्ट्राध्यक्ष ट्रम्पसुद्धा दोन दिवसांनी म्हणाले की केम्प यांचा हा निर्णय आपल्याला अजिबात पटलेला नाही. बॉटम्स यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. ज्या शहरात अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचं, सीडीसीचं, मुख्यालय आहे, त्याच्या महापौरांना हा निर्णय इतरांबरोबरच कळला.

सलूनचंच घ्या. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाईकाचं नाक आणि वस्तरा धरलेल्या माणसाचं तोंड यांत वीतभर अंतर असतं. दाढी करायची तर गिऱ्हाईकाला मास्क काढावा लागतो. सहा फुटांचा नियम पाळून केस कापता येत नाहीत, हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. आणि अटलांटाच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत सलून म्हणजे नुसतं केस कापायचं ठिकाण नव्हे. तिथे निवडणुकीची चर्चा होते, नोकरीची बातमी कळते, शनिवारी बाप मुलाला घेऊन जातो. खुर्ची भाड्याने घेऊन काम करणाऱ्याला पगार नसतो. दुकान बंद तर कमाई बंद, आणि कायद्याने दुकान उघडलं की ‘मी भीतीपोटी घरी बसलो’ हे कारण मदत मागायला लंगडं पडतं. केम्प म्हणत होते की छोट्या व्यावसायिकांची पुंजी संपत आली आहे. ते खोटं नव्हतं. पण ती संपू नये म्हणून पैसा देण्याऐवजी त्यांना आजाराच्या तोंडी उभं केलं जात होतं, आणि त्यात पहिली रांग कुणाची असणार हे आकडे सांगत होते. मार्चमध्ये जॉर्जियातल्या आठ रुग्णालयांत कोविडने दाखल झालेल्या ३०५ रुग्णांचा अभ्यास सीडीसीने एप्रिलच्या शेवटी प्रसिद्ध केला. यांतली सात रुग्णालयं अटलांटा महानगर परिसरातली. ज्यांच्या वंशाची नोंद होती त्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण कृष्णवर्णीय होते. राज्याच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण एक-तृतीयांशाच्या आतबाहेर आहे.

त्याच दिवसांत ५ मे रोजी एक चित्रफीत बाहेर आली. २५ वर्षांचा अहमद आर्बरी २३ फेब्रुवारीला जॉर्जियाच्याच ब्रन्सविक शहराजवळ धावायला निघाला होता. गोऱ्या माणसांनी गाड्यांनी त्याचा पाठलाग केला आणि त्याला गोळ्या घातल्या. दोन महिने उलटून गेले तरी कुणाला अटक नव्हती. चित्रफीत लोकांनी पाहिली, मग अटका झाल्या. तीन आठवड्यांनी मिनिआपोलिसची चित्रफीत आली.

२९ मे, शुक्रवार. दुपारी सेंटेनियल ऑलिम्पिक पार्कपाशी लोक जमले. मोर्चा शांततेत राज्य विधिमंडळाच्या इमारतीकडे जाऊन आला. संध्याकाळी समोरच्या सीएनएन सेंटरपाशी वातावरण पालटलं. बाहेरच्या मोठ्या लाल अक्षरांवर रंग फासला गेला, काचा फुटल्या, पोलिसांची गाडी पेटली. अंधार पडता पडता बॉटम्स कॅमेऱ्यांसमोर आल्या. लिहून आणलेलं भाषण नव्हतं. आवाज चढलेला होता, डोळ्यांत पाणी आणि संताप एकत्र.

सगळ्यात आधी मी एक आई आहे, त्या म्हणाल्या. अमेरिकेतल्या चार काळ्या मुलांची आई, त्यातला एक अठरा वर्षांचा. फ्लॉइडची हत्या पाहिली तेव्हा आईला दुखावं तसं मला दुखलं. शहरात काही होणार अशी कुणकुण लागली तेव्हा आई करते तेच मी केलं, मुलाला फोन लावला आणि विचारलं, तू कुठे आहेस? मी तुला वाचवू शकत नाही, काळ्या मुलांनी आज बाहेर असू नये, असं त्याला सांगितलं.

हे वाक्य पुन्हा वाचायला हवं. ज्यांच्या एका सहीने पोलीसप्रमुख नेमला जातो, त्या बाई जाहीरपणे म्हणत होत्या की मी माझ्या स्वतःच्या मुलाला वाचवू शकत नाही.

मग त्या आंदोलकांवर तुटून पडल्या. हे आंदोलन नाही, यात मार्टिन ल्यूथर किंग यांचा आत्मा नाही, ही बेबंदशाही आहे. किंग यांची हत्या झाली तेव्हाही आम्ही आमच्या शहराचं असं केलं नव्हतं. या शहरावर प्रेम असेल तर घरी जा. बदल हवा असेल तर मतदार म्हणून नाव नोंदवा आणि ९ जूनला मतदान केंद्रावर या. नंतर रॅपर किलर माइक बोलले. अटलांटाच्या पोलिसाचा मुलगा, शहरात सलून चालवणारा माणूस. मला इथे यायचं नव्हतं, असं म्हणत त्यांनी सुरुवात केली. शत्रूवरच्या रागापायी स्वतःचं घर जाळू नका, ते मजबूत करा, हे सांगताना ते रडत होते. किंग यांच्या कन्या बर्निस किंगही तिथे होत्या.

भाषण देशभर गाजलं. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या संभाव्य उमेदवारांत बॉटम्स यांचं नाव अधिक जोराने घेतलं जाऊ लागलं. पण भाषणात ज्या इतिहासाची आठवण काढली तो वाटतो तितका सरळ नाही. १९०६ मध्ये याच अटलांटात गोऱ्यांच्या जमावाने किमान २५ कृष्णवर्णीयांना ठार मारलं होतं. पुढे विल्यम हार्ट्सफील्ड महापौर असताना ‘द्वेष करायला सवड नसलेलं शहर’ ही ओळख रुजवली गेली, आणि व्यापारी व कृष्णवर्णीय पुढारी बंद दाराआड बसून तोडगे काढतात ही रीत पडली. किंग यांचा खून झाला त्या रात्री महापौर आयव्हन ॲलन हे कोरेटा किंग यांना घेऊन विमानतळावर गेले होते, आणि पती गेल्याची बातमी त्यांनीच कोरेटाबाईंना सांगितली. शंभराहून अधिक शहरं पेटली, अटलांटा बऱ्यापैकी शांत राहिलं. हे खरंच. पण त्याआधी साधारण दीड वर्ष, सप्टेंबर १९६६ मध्ये, समरहिल वस्तीत पोलिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घातल्यावर लोक रस्त्यावर आले होते. तेच ॲलन तिथे गाडीच्या टपावर चढून लोकांना घरी जा म्हणत होते, आणि जमावाने गाडी हलवून त्यांना खाली उतरायला लावलं होतं. १९७४ पासून शहराला सलग कृष्णवर्णीय महापौर लाभले. पोलिसाची गोळी आणि ‘घरी जा’ हे सांगणं मात्र बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी, ३० मे रोजी, बॉटम्स यांनी रात्री ९ पासून संचारबंदी लावली. आणि काल आंदोलनात असाल तर या आठवड्यात कोविडची चाचणी करून घ्या, असंही त्या म्हणाल्या. देशात अजून साथ चालू आहे आणि ती काळ्या व सावळ्या माणसांना जास्त संख्येने मारते आहे. अमेरिकेतल्या अनेकांनी तेव्हा एक तर आंदोलनाची बाजू घेतली होती, नाही तर संसर्गाची भीती दाखवून आंदोलकांना गप्प करायला घेतलं होतं. बॉटम्स यांनी दोन्हींतलं काही केलं नाही. तुम्ही गर्दीत गेलात, मला कळतं का गेलात, आता नाकात काडी घालून घ्या. आईच असं बोलते.

घरी जा, चाचणी करून घ्या, मत द्या. या तीन सांगण्यांचं पुढच्या काही आठवड्यांत काय झालं ते पाहायला हवं, कारण प्रत्येकात एक न बोललेलं वचन होतं: तुम्ही सांगितलेलं केलंत तर व्यवस्था तिची बाजू सांभाळेल.

त्याच ३० मेच्या रात्री संचारबंदी सुरू झाल्यावर शहराच्या मध्यभागी वाहतुकीत एक गाडी अडकली होती. आत दोन विद्यार्थी, एक मोरहाऊस कॉलेजचा, दुसरी स्पेलमन कॉलेजची. पोलिसांनी काच फोडली, दोघांना विजेचा झटका देणारं टेझर मारलं आणि बाहेर ओढलं. सगळं टीव्हीवर थेट दिसलं. दुसऱ्याच दिवशी बॉटम्स आणि पोलीसप्रमुख एरिका शील्ड्स यांनी दोन पोलिसांना बडतर्फ केलं, २ जूनला सहा जणांवर गुन्हे दाखल झाले. दोन वर्षांनी ते मागे घेतले गेले.

मोरहाऊसचं नाव आलं की वर्धा आठवायला हवं. १९३६-३७ च्या हिवाळ्यात बेंजामिन मेज नावाचे कृष्णवर्णीय प्राध्यापक एका परिषदेसाठी भारतात आले आणि वाट काढून वर्ध्याला गांधीजींना भेटले. अहिंसा म्हणजे नुसता निष्क्रिय प्रतिकार का, ती जमावाला शिकवता येते का, असे प्रश्न त्यांनी विचारले. १९४० मध्ये ते मोरहाऊसचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग. महाराष्ट्राचं आणि अटलांटाचं नातं तेवढ्यावर संपत नाही. जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली, ते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस दोन खेपांना मिळून वीसेक वर्षं अटलांटा विद्यापीठात शिकवत होते. आणि १९७२ मध्ये मुंबईत पँथर हे नाव घेतलं गेलं ते अमेरिकेतल्याच ब्लॅक पँथरवरून. तेव्हा गाडीतून ओढला गेलेला मोरहाऊसचा तो मुलगा आपल्याला इतका परका नाही.

मग ९ जून आला. साथीमुळे दोनदा पुढे ढकललेली प्राथमिक निवडणूक. महापौरांनी सांगितल्याप्रमाणे लोक सकाळी सातच्या आधीपासून रांगेत उभे राहिले. मतदान यंत्रं नवी, ती चालवायला शिकलेली माणसं थोडी, कारण केंद्रांवर काम करणारे बरेचसे वयस्कर लोक साथीच्या भीतीने आलेच नव्हते. त्याच भीतीने जागा द्यायला अनेकांनी नकार दिल्यामुळे केंद्रं एकत्र केली होती. टपाली मतपत्रिका मागवलेल्या कित्येकांना ती मिळालीच नाही, म्हणून तेही रांगेत. कुणी घरून खुर्ची आणली होती, कुणी छत्री. शहराच्या काही भागांत लोक तीन-चार तास आणि त्याहूनही जास्त वेळ ताटकळले. बॉटम्स सकाळपासून ट्विटरवर विनवत होत्या: रांगेत असाल तर कृपा करून रांग सोडू नका, यंत्र बंद असेल तर तात्पुरती मतपत्रिका मागा. अकरा दिवसांपूर्वी त्या लोकांना घरी जायला सांगत होत्या. आज घरी जाऊ नका म्हणत होत्या. निवडणूक यंत्रणा त्यांच्या हातात नव्हती.

पोलीस मात्र होते. तीन दिवसांनी, १२ जूनच्या रात्री, युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवरच्या वेंडीज उपाहारगृहात, गाडीत बसूनच खाणं घ्यायच्या रांगेत, २७ वर्षांचा रेशार्ड ब्रुक्स स्टिअरिंगमागे झोपी गेला. कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात पुढची जवळपास ४० मिनिटं आहेत. ब्रुक्स सौम्य बोलतो, मुलीच्या वाढदिवसाचा विषय निघतो. दारू प्यायल्याचं तपासणीत दिसतं. तो म्हणतो की गाडी इथेच ठेवतो, बहिणीचं घर जवळच आहे, चालत जातो. मला घरी जाऊ द्या. पोलीस बेड्या घालायला जातात. झटापट होते, ब्रुक्स एका पोलिसाचं टेझर हिसकावून पळतो, पळताना मागे वळून ते रोखतो, आणि पोलिसाच्या दोन गोळ्या त्याच्या पाठीत शिरतात.

कायद्याच्या पुस्तकात त्या गोळ्यांवर दोन्हीकडून वाद घालता येतो, आणि तो पुढे घातलाही गेला. पण चालत घरी जाऊ द्या म्हणणाऱ्या माणसाला चालत घरी जाऊ दिलं असतं तर गाडी तिथेच राहिली असती, दंड नंतर भरता आला असता, आणि तो माणूस जिवंत राहिला असता. बॉटम्स दुसऱ्या दिवशी याच मुद्द्यावर आल्या. पोलीस काय करू शकतो आणि त्याने काय करायला हवं यात स्पष्ट फरक आहे, त्या म्हणाल्या, आणि प्राणघातक बळाचा हा वापर समर्थनीय होता असं मला वाटत नाही. त्याच दिवशी शील्ड्स यांनी पद सोडलं. दोन आठवड्यांपूर्वी याच शील्ड्स आंदोलकांच्या गर्दीत शिरून एकेकाचं ऐकून घेत होत्या आणि त्या चित्रफितीचं देशभर कौतुक झालं होतं. त्या रात्री वेंडीज जळून खाक झालं. १५ जूनला महापौरांनी बळाच्या वापराबाबत आदेश काढले: आधी प्रसंग निवळवा, सहकारी मर्यादा ओलांडत असेल तर मध्ये पडा. गोळी झाडणाऱ्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाल्यावर अनेक पोलीस आजारी असल्याचं कळवून कामावर आलेच नाहीत.

इथे बॉटम्स यांनाही जाब विचारायला हवा. साथीत गव्हर्नर आडवे आले, मतदानात काउंटी कमी पडली, हे खरं. पण पोलीस खातं त्यांचंच होतं आणि त्या अडीच वर्षं पदावर होत्या. बळाच्या वापराचे नियम ब्रुक्सच्या मृत्यूनंतर तीन दिवसांत बदलता आले, तर ते आधीही बदलता आले असते. जळलेल्या वेंडीजच्या आवारात पुढे तीन आठवडे लोक ठाण मांडून होते, काही जण बंदुका घेऊन रस्ता अडवत होते, आणि शहर बोलणी चालू आहेत म्हणत थांबून राहिलं. ४ जुलैच्या रात्री त्या अडथळ्यापाशी एका गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. आईबरोबर गाडीत असलेली आठ वर्षांची मुलगी मेली. बॉटम्स दुसऱ्या दिवशी तिच्या आईवडिलांसोबत उभ्या होत्या. याचा दोष पोलिसाला देता येणार नाही, त्या म्हणाल्या, आता पुरे. मग ती जागा मोकळी करण्यात आली. केम्प यांनी आणीबाणी जाहीर करून एक हजार नॅशनल गार्ड तैनात केले.

त्याच दिवशी, सोमवारी ६ जुलैला, बॉटम्स यांनी सांगितलं की आपल्याला कोविड झाला आहे. लक्षण एकही नाही. नवरा खूप झोपत होता, एवढंच खटकलं म्हणून सगळ्यांनी पुन्हा चाचणी करून घेतली. आणि मग घरातल्या पहिल्या चाचणीचा निकाल आला, तब्बल आठ दिवसांनी. तेव्हा घरातला एकच जण बाधित होता. दुसऱ्या चाचणीपर्यंत तिघे झाले होते. आधी कळलं असतं तर आम्ही लगेच वेगळे राहिलो असतो, असं त्यांनी लिहिलं. महापौरांच्या घरी निकाल आठ दिवसांनी, तर मेच्या अखेरीस ज्यांना त्यांनी चाचणी करून घ्या म्हणून सांगितलं, त्या दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्यांनी काय करायचं होतं?

८ जुलैला त्यांनी शहरात मास्क सक्तीचा केला, १० तारखेला शहराला पुन्हा पहिल्या टप्प्यावर नेण्याचं, म्हणजे शक्यतो घरी थांबण्याचं जाहीर केलं. केम्प यांनी ताबडतोब कळवलं की याला कायद्याचा आधार नाही, ही नुसती शिफारस समजावी. केम्प मास्कच्या विरोधात होते असं नव्हे. स्वतः मास्क लावून, विमानाने राज्यभर फिरून ते लोकांना मास्क लावा म्हणत होते. सक्ती करण्याचा अधिकार शहरांना नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता. १५ जुलैला ट्रम्प अटलांटाच्या विमानतळावर मास्क न लावता उतरले, आणि बॉटम्स म्हणाल्या की राष्ट्राध्यक्षांनी शहराचा नियम मोडला. त्याच संध्याकाळी केम्प यांनी शहरांची मास्कसक्ती रद्द करणारा आदेश काढला, आणि १६ तारखेला बॉटम्स आणि नगर परिषदेवर खटलाच भरला. गव्हर्नरांपेक्षा आपला अधिकार मोठा आहे असं महापौरांनी वृत्तपत्रांपुढे बोलू नये, अशीही मागणी त्यात होती. बॉटम्स यांचं उत्तर आकड्यांत आलं. जॉर्जियात ३,१०४ माणसं मेली आहेत, बाधित झालेल्या एक लाख सहा हजारांत मी आणि माझं कुटुंब आहे, आणि गव्हर्नर माझ्यावर मास्कसाठी खटला भरत आहेत. तो पैसा चाचण्यांवर खर्च केला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी, १७ जुलैला, अटलांटाचे खासदार जॉन लुईस गेले. नागरी हक्कांच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर डोकं फुटेपर्यंत मार खाल्लेले लुईस. त्याच दिवशी अटलांटातच किंग यांचे आणखी एक सहकारी सी. टी. व्हिव्हियन गेले. १३ ऑगस्टला केम्प यांनी खटला मागे घेतला, आणि दोन दिवसांनी काही अटींसह शहरांना मास्कसक्तीची मुभा दिली. मधला महिना वाया गेला तो गेलाच.

पुढच्या घटना थोडक्यात. ब्रुक्सचा अंत्यविधी किंग यांच्या एबेनेझर चर्चमध्ये झाला होता. तिथे प्रवचन देणारे पाद्री राफेल वॉर्नॉक जानेवारी २०२१ मध्ये जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर म्हणून निवडून आले. लोक रांगा सोडून गेले नव्हते. दोन-अडीच महिन्यांत, २५ मार्च २०२१ रोजी, केम्प यांनी मतदानाच्या नव्या कायद्यावर सही केली. केंद्राच्या दीडशे फुटांच्या आत रांगेत उभ्या असलेल्या मतदाराला खाऊ किंवा पाण्याची बाटली देणं त्यात गुन्हा ठरलं. मे २०२१ मध्ये बॉटम्स यांनी पुन्हा महापौरपदाला उभं न राहण्याचं जाहीर केलं. ब्रुक्सवर गोळी झाडणाऱ्या पोलिसाला, बडतर्फीची पद्धत पाळली नाही या कारणावरून, त्याच महिन्यात नोकरी परत मिळाली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच्यावरचा खटला सोडून देण्यात आला, आणि नोव्हेंबरमध्ये शहराने ब्रुक्सच्या कुटुंबाला दहा लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

मे २०२५ मध्ये किशा लान्स बॉटम्स यांनी पुन्हा निवडणूक लढवण्याचं जाहीर केलं. या वेळी गव्हर्नरपदासाठी, म्हणजे सलून कधी उघडायची आणि कोणत्या शहराने किती कडक राहायचं हे ज्या खुर्चीतून ठरलं होतं, तिच्यासाठी.